बुधवारी माझा स्वयंपाक नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका भगिनींचं पत्र वाचलं. घरातल्या स्वयंपाकाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असावी, या सूचनेवर त्या चांगल्याच रागावल्या होत्या. स्वयंपाक म्हणजे माया, आणि मायेला कधी सुट्टी असते का, असा त्यांचा सवाल होता. पत्र मनापासून लिहिलेलं होतं, म्हणून मीही मनापासूनच उत्तर देते आहे. दहा वर्षांपूर्वी मला कोणी सुट्टीचं सुचवलं असतं, तर अगदी हेच पत्र मी लिहिलं असतं.

माझं वय ५९. हिशेब खात्यात नोकरी केली, गेल्या वर्षी निवृत्त झाले. लग्नाला ३१ वर्षं झाली. त्यातल्या पहिल्या २३ वर्षांचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला होता, कारण आकडा दिसल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट पटत नाही. वर्षातले २० दिवस आजारपण, प्रवास, कुणाकडे जाणं-येणं म्हणून सोडून दिले. उरले ७,९३५ दिवस. दिवसाला दोन वेळा धरल्या तर १५,८७० वेळा मी चार माणसांचा स्वयंपाक केला. सकाळचं खाणं आणि डबे यात धरलेले नाहीत. या २३ वर्षांत ऑफिसात मला दर आठवड्याला सुट्टी होती, वर्षाची हक्काची रजा होती, आजारपणाची वेगळी होती. ओट्यापाशी यातलं काहीच नव्हतं, आणि ते नाही हे मला कधी जाणवलंही नाही. इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

जाणवलं ते मुलीमुळे. ती तेव्हा १४ वर्षांची होती. शाळेतून एक तक्ता करायला सांगितला होता: घरातल्या प्रत्येकाचा आठवडा कसा जातो. प्रत्येकाची एक ओळ, दिवसाचा एक चौकोन, कामाचे तास निळ्या रंगाने भरायचे. ती सगळं नीटनेटकं करणारी, त्यामुळे रविवारी तिने घड्याळ घेऊन बसायचंच ठरवलं. सकाळी साडेसहा ते रात्री साडेनऊ या वेळात मी ओट्यापाशी ६ तास ४० मिनिटं होते. रात्री तिने तक्ता जेवणाच्या टेबलावर पसरला. तिच्या बाबांचा रविवार कोरा, भावाचा कोरा, तिचा स्वतःचाही कोरा. माझ्या ओळीतला रविवार मात्र जवळजवळ अर्धा निळा. घरकामापुरतं बोलायचं तर सोमवारपेक्षाही गडद. ती काही बोलली नाही. निळा खडू बोटांत फिरवत तक्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, हे चुकलंय का गं?"

चुकलं नव्हतं. सगळ्यांना सुट्टी असते तो दिवस स्वयंपाकघरासाठी सगळ्यांत जड असतो. सगळी घरात असतात, सगळ्यांना सावकाश आणि जरा वेगळं काहीतरी खायचं असतं, मध्ये कुणीतरी येऊन जातं, आणि दुपारचं आवरेपर्यंत संध्याकाळची वेळ होते. तो तक्ता मी अजून जपून ठेवला आहे. निळा रंग आता फिकट झालाय.

त्यानंतर मी सुट्टी घ्यायची ठरवली. पहिले तीन प्रयत्न फसले. ते कसे फसले हे सविस्तर सांगते, कारण अनेक घरांत सुट्टीचा विषय तिथेच बारगळतो असं मला वाटतं.

पहिल्यांदा आम्ही ठरवलं की मी दमले की सांगायचं, त्या दिवशी स्वयंपाक नाही. ऐकायला हे किती समजूतदारपणाचं वाटतं! पण प्रत्यक्षात मला आधी स्वतःला सिद्ध करावं लागायचं की मी दमलेय. आज खरंच इतकी दमलेय का? काल तर यापेक्षा जास्त काम होतं, काल केलंच की. मुलाची परीक्षा आहे, आज नको, उद्या सांगू. असं करत करत सहा महिन्यांत मी दोनदा सुट्टी घेतली, आणि दोन्ही वेळा अंगात ताप होता. मागून घ्यावी लागते त्या सुट्टीत मागणाऱ्यालाच ओशाळं वाटतं. घरातलं कोणी 'नाही' म्हणत नव्हतं. विचारायचं मीच टाळत होते.

दुसऱ्यांदा दिवस ठरवला, पण आदल्या रात्री उद्याचंही करून ठेवायचं. म्हणजे मंगळवारी रात्री दुप्पट. साडेअकराला डबे भरून, झाकणं लावून, फ्रिजमध्ये जागा करून मी आडवी व्हायचे तेव्हा पाय ठणकत असायचे. बुधवारी सकाळी उठून गरम करून वाढायचं कामही माझंच. एक दिवसाचं काम दुसऱ्या दिवसाच्या डोक्यावर टाकलं, एवढंच झालं. हिशेबाच्या भाषेत याला फक्त नोंद फिरवणं म्हणतात. शिल्लक तीच राहते.

तिसऱ्यांदा बाहेरून मागवायला सुरुवात केली. काय मागवायचं, कुणाला काय चालतं, कुणाला काय सोसत नाही, किती वाजता सांगितलं तर किती वाजता येईल, आलेलं कशात काढायचं, उरलेलं कुठे ठेवायचं, हे सगळं पुन्हा माझ्याकडेच. शिवाय दर आठवड्याचा खर्च डोळ्यांत येऊ लागला आणि दोन महिन्यांत ते आपोआप बंद पडलं. बाहेरून मागवण्याला माझा विरोध नाही. ज्याला परवडतं, ज्याला मानवतं, त्याने जरूर मागवावं. पण सुट्टी म्हणजे बाहेरचं खाणं, ही गाठ एकदा पक्की बसली की सुट्टी पैशावर अवलंबून राहते. पैसे नसतील त्या महिन्यात सुट्टीही नाही.

या तिन्ही प्रयत्नांतून मला एक गोष्ट कळली, आणि या पत्रात मला तेवढंच सांगायचं आहे. हातांना विसावा देणं सोपं आहे. डोक्याला द्यायला हवा, आणि तो ठरलेल्या दिवशी, न मागता मिळायला हवा.

डोक्याला म्हणजे काय, ते सांगते. ऑफिसात दुपारी साडेतीन-चारच्या सुमाराला बेरजा करता करता माझ्या मनात दुसरी वही उघडायची. घरात भाजी काय आहे, सकाळचं दूध तापवलं होतं की नाही, काल जे केलं ते आज नको, मुलीला उद्या डब्यात काय, मीठ संपत आलंय ते आणायला कुणाला सांगायचं. समोरच्या आकड्यांत चूक होऊ नये म्हणून मी ही वही मिटायचे, ती पाच मिनिटांत पुन्हा उघडायची. 'आज काय करायचं?' हा प्रश्न तीनच शब्दांचा आहे, पण २३ वर्षं रोज दोनदा तो मला एकटीलाच पडत होता. घरातल्या इतरांना तो कधी पडलाच नाही, कारण त्यांच्यापुढे दरवेळी उत्तरच येत होतं, ताटात वाढलेलं.

म्हणून आठ वर्षांपूर्वी आम्ही बुधवार ठरवला. रविवार नको असं मीच म्हणाले, कारण वर सांगितलं तसं तो सगळ्यांत जड दिवस, आणि शिकणाऱ्याची सुरुवात जड दिवसाने करू नये. बुधवारी मी ओट्याकडे जायचं नाही. काय खायचं हे तिघांनी ठरवायचं, आणायचं, करायचं, आवरायचं. आणि मुख्य अट अशी की मला काही विचारायचं नाही. सल्ला नको, चव बघ नको, 'ते कुठे ठेवलंस' नको. ही शेवटची अट पाळायला सगळ्यांना जड गेली आणि सगळ्यांत जास्त मला गेली.

पहिला बुधवार लख्ख आठवतो. ऑफिसातून साडेसहाला आले, हातपाय धुतले, आणि पाय आपोआप स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. आत यजमान डबे उघडून बघत होते. आमच्याकडे सारख्या आकाराचे अकरा डबे एका ओळीत आहेत. कशात काय आहे हे मला अंधारातही कळतं, पण त्यांच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी पहिला उघडला, बंद केला. दुसरा उघडला, बंद केला. सातव्यात मीठ सापडलं. मी दारात उभी होते आणि शब्द अगदी ओठांवर आले होते. मी मागे वळले आणि खोलीत जाऊन बसले. त्या रात्री मुलीने सगळ्या डब्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून नावं लिहिली. इतकी साधी गोष्ट २३ वर्षांत कुणाला सुचली नव्हती, कारण मला तिची गरज नव्हती आणि बाकीच्यांना डबे उघडायची गरज नव्हती. त्या पट्ट्या लागल्या आणि स्वयंपाकघर पहिल्यांदा चौघांचं झालं.

दुसऱ्या-तिसऱ्या बुधवारी पुस्तकात बघून करायचा प्रयत्न झाला. यजमान पुस्तक उघडं ठेवून चमचा हातात घेऊन उभे. 'मीठ चवीनुसार' असं लिहिलं होतं. ते मुलाला म्हणाले, "चवीनुसार म्हणजे किती? चव तर अजून आलेलीच नाही." त्यांचं अगदी बरोबर होतं. पुढे 'मऊ होईपर्यंत' होतं, 'रंग बदलेपर्यंत' होतं, 'अंदाजाने पाणी' होतं. अंदाज हा हजार वेळा केल्यावर येतो. ज्याने एकदाही केलं नाही त्याला अंदाजाने घाल म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला पाण्यात उतरल्यावर आपोआप कळेल असं सांगणं. त्या दिवशी जेवण खारट झालं. आम्ही चौघांनीही ते मुकाट्याने जेवलं. दुसऱ्या आठवड्यात मुलाने एक चमचा ठरवला, त्या चमच्याने मोजून मीठ घालायचं आणि वहीत लिहायचं. ती वही आज ८० पानांची झाली आहे. तिच्यात 'चवीनुसार' हा शब्द एकदाही नाही.

एक चूक मात्र काळजी करण्यासारखी होती. एका बुधवारी रात्री उरलेलं अन्न पातेल्यातच ओट्यावर राहिलं आणि सकाळी ते गरम करून डब्यात भरायची तयारी चालली होती. मी तेव्हा अट मोडली आणि थांबवलं. त्या संध्याकाळी यजमानांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या अन्नसुरक्षेच्या सूचना शोधून काढल्या आणि त्यातले चार आकडे एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावले. शिजवलेलं अन्न बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. फ्रिजचं तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली. जेवायला घेईपर्यंत गरम ठेवायचं असेल तर ६० अंशांच्या वर. पुन्हा गरम करताना नुसतं कोमट नको, आतपर्यंत ७० अंशांच्या पुढे जाऊन वाफ यायला हवी. मी हे सगळं सवयीने करत होते, पण का करते ते मला कधी सांगता आलं नव्हतं. नवशिक्याने ते आकड्यांत लिहिलं आणि त्यानंतर आमच्याकडे अन्न जास्त जपून ठेवलं जातं. सुट्टीसाठी आधी करून ठेवणाऱ्या सगळ्यांनीच हे चार आकडे जवळ ठेवावेत.

आता त्या भगिनींच्या सवालाकडे येते. माया आहेच. पण रुग्णांची सेवा करणाऱ्या परिचारिकेच्या हातात माया नसते का? लहान मुलांना शिकवणाऱ्या बाईंच्या मनात नसते का? त्यांना आठवड्याची सुट्टी असते म्हणून त्यांची माया पातळ झाली असं आपण म्हणत नाही. माया आणि काम एकाच हातांनी होतं, पण थकतात ते हात, आणि हात थकले की मायेचा आवाजही चढतो. 'जेवायला या' हे मी किती वेगवेगळ्या आवाजात म्हटलंय ते माझं मला माहीत आहे. मंगळवारी रात्री दुप्पट काम करून मी जे वाढलं त्यात माया कमी आणि धुसफूस जास्त होती, हे मी आज मोकळेपणाने कबूल करते.

जगाने विश्रांतीचा विचार केलेला नाही असं नाही. १९२१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कारखान्यांसाठी करार केला की दर सात दिवसांत सलग २४ तास विश्रांती. १९५७ साली तेच दुकानं आणि कचेऱ्यांसाठी झालं, म्हणजे माझ्यासारख्या कचेरीतल्या बाईसाठी. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं २४ वं कलम सांगतं की विश्रांती आणि फुरसत हा प्रत्येकाचा हक्क आहे. 'प्रत्येकाचा' असं लिहिलंय. आणि २०११ साली घरकाम करणाऱ्यांसाठी १८९ क्रमांकाचा करार झाला. दुसऱ्याच्या घरी पगारावर स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला आठवड्यातून किमान सलग २४ तास विश्रांती मिळाली पाहिजे, असं त्याचं दहावं कलम म्हणतं. तो करार फार उशिरा झाला आणि तो प्रत्येक घरात पाळला गेला पाहिजे. पण तो वाचताना माझ्या मनात आलं, की त्याच ओट्यापाशी, तेच पातेलं हातात घेऊन, बिनपगारी उभी राहते तिच्यासाठी कुठलाच कागद नाही. तिचा कागद घरातल्यांनीच लिहायला हवा.

हा प्रश्न माझ्या एकटीच्या घरचा नाही हे आकडे सांगतात. त्याच कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालात जगभरातल्या बिनपगारी घरकामाचा आणि सांभाळण्याच्या कामाचा अंदाज दिला होता: रोज १,६४० कोटी तास. म्हणजे २०० कोटी माणसांनी रोज आठ तास पगाराशिवाय राबण्याइतकं. त्यातलं ७६.२ टक्के काम बायका करतात. बाईचे रोज सरासरी ४ तास २५ मिनिटं, पुरुषाचे १ तास २३ मिनिटं. मुलीच्या तक्त्यातला निळा रंग मला या आकड्यांत दिसतो.

आणि हे काम एक दिवस थांबलं तर काय होतं, तेही जगाने पाहिलंय. २४ ऑक्टोबर १९७५ ला आइसलँड या लहानशा देशातल्या जवळजवळ ९० टक्के बायकांनी एक दिवस कामातून अंग काढून घेतलं, ऑफिसातल्या आणि घरातल्याही. स्वयंपाक नाही, आवरासावर नाही, मुलांना सांभाळणं नाही. वडील मुलांना घेऊन कामावर गेले. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने स्त्री-पुरुष समानतेचा कायदा केला. त्या बायकांनी आपलं काम दाखवण्यासाठी एक दिवस सोडला होता. मी त्यांच्याकडून एवढंच घेतलं की रोज होणारं काम दिसत नाही, ते थांबल्यावर दिसतं. आमच्याकडे ते दर बुधवारी दिसतं.

कुणी म्हणेल, आता पूर्वीसारखं राहिलंय का, यंत्रं आली, सोयी आल्या. सोयी आल्या हे खरं आणि मला त्यांचं मोल आहे. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टमधल्या घरांसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखलं. जेमतेम १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. हात पुढे केला की वस्तू मिळावी, पावलं वाचावीत, वेळ वाचावा हा त्यांचा हेतू होता. तशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं तिथे बसवली गेली आणि आज आपण जो सलग ओटा आणि कपाटं वापरतो त्याची मुळं तिथे आहेत. पावलं खरोखर वाचली. पण त्या जागेत एका वेळी एकच माणूस नीट मावतो. आमचंही स्वयंपाकघर तसंच अरुंद आहे. पहिल्या बुधवारी बापलेक एकमेकांच्या कोपरांना धडकत होते तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ही जागाच एकीला उभं करण्यासाठी आखलेली आहे. मग मुलाने भाजी चिरायचं काम जेवणाच्या टेबलावर नेलं. आता रोजच तिथे चिरतात, बुधवार नसला तरी. मी ओट्यापाशी असते आणि कुणीतरी टेबलापाशी असतं.

ज्यांच्या घरी सोपवायला दुसरं कुणी नाही त्यांनी काय करायचं, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त छळतो. लहान मुलांना एकटीने किंवा एकट्याने वाढवणारे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणारे, यांना 'बुधवारी घरच्यांना करू द्या' असं सांगणं क्रूरपणाचं होईल. माझी मोठी बहीण ६६ वर्षांची आहे आणि एकटी राहते. एका माणसाचं करायलाही तोच ओटा, तीच भांडी, तेच आवरणं. तिने आणि तिच्या शेजारणीने वाटणी केली. आठवड्यातून एक रात्र ही तिच्याकडे जेवते, एक रात्र ती हिच्याकडे. एकीचं करतात तिथे दोघींचं केलं तर काम फारसं वाढत नाही, आणि दोघींना एकेक रात्र पूर्ण मोकळी मिळते. जिथे शेजारही नाही तिथे निदान शेगडी न पेटवण्याचा एक दिवस ठरवावा. न शिजवता खाता येण्यासारखं पुष्कळ असतं. फळं, कच्च्या भाज्या, दूध, भिजवलेलं धान्य. गार ताट वाढलं म्हणून कोणी उपाशी राहत नाही, आणि त्या ताटाबद्दल कुणाची माफी मागायचं कारण नाही. लहान मुलांना तर तो दिवस आवडायला लागतो, असं मला दोन-तीन घरांतून ऐकायला मिळालंय.

सुट्टी घेतली म्हणून स्वयंपाकावरचं माझं मन उडालं का? उलट झालं. पहिले काही बुधवार मला करमत नव्हतं. हात रिकामे वाटायचे, तरी कान स्वयंपाकघराकडेच. झाकण पडल्याचा आवाज आला की दचकायचे. साधारण दोन महिन्यांनी एका बुधवारी खिडकीशी बसून वाचता वाचता आतून वास आला आणि मला कळेना की आज काय आहे. जेवायला काय आहे हे मला माहीत नाही, ही गोष्ट लग्नानंतर माझ्या घरात पहिल्यांदा घडली होती. मी पुस्तक मिटलं आणि बोलावण्याची वाट बघत बसले. भूक लागली होती. भूक लागून कुणीतरी हाक मारण्याची वाट बघणं मी विसरूनच गेले होते. मुलीने हाक मारली, मी गेले, माझं ताट वाढलेलं होतं आणि शेजारी पाण्याचा पेलासुद्धा भरून ठेवला होता. गुरुवारी सकाळी मी ओट्यापाशी उभी राहिले तेव्हा काहीतरी नवं करून बघावं असं कितीतरी दिवसांनी वाटलं.

आज मुलगा नोकरीसाठी दुसरीकडे राहतो आणि स्वतःचं स्वतः करून खातो. जाताना त्याने वहीची नक्कल नेली. आता मीही दिवसभर घरी असते, तेव्हा काहींनी विचारलं, 'आता कशाला सुट्टी, आता तर निवृत्त झालात.' नोकरीतून निवृत्त झाले. स्वयंपाकातून निवृत्तीचं वय कुणी ठरवलेलं नाही, म्हणून तर बुधवार आता जास्त जपायला हवा.

संपादक महोदय, शेवटी एक विनंती. आपल्या वृत्तपत्रात दर आठवड्याला पाककृती छापून येतात आणि मी त्या आवडीने वाचते. त्या सगळ्या ज्याला येतं त्याच्यासाठी लिहिलेल्या असतात. महिन्यातून एक तरी पाककृती अशी छापा की जी आयुष्यात पहिल्यांदा ओट्यापाशी उभं राहणाऱ्याला करता येईल. त्यात मीठ चमच्याने मोजून सांगा, पाणी वाटीने सांगा, आच मोठी की बारीक ते सांगा आणि किती मिनिटं तेही सांगा. कोणतं भांडं घ्यायचं, झाकण ठेवायचं की नाही, झालं हे कशावरून ओळखायचं, आणि मागचं कसं आवरायचं, हेही लिहा. पाककृतीच्या वर 'महिलांसाठी' असा मथळा असतो तोही तेवढा काढा. आमच्या वहीतल्या पहिल्या दहा पाककृती मी यजमानांच्या आणि मुलीच्या परवानगीने आपल्याकडे पाठवायला तयार आहे. त्या सगळ्या न येणाऱ्या माणसांनी लिहिल्या आहेत आणि बुधवारी करून बघितलेल्या आहेत.

आपली,
एक नियमित वाचक